पाठीवरचा भोपळा

2023 च्या जानेवारीत लेकाने आम्हा दोघांना मालवणला नेलं. तो पुण्याला नोकरीला आहे. चार वर्षांपासून त्याचं एकच चाललं होतं, "दादा, एकदा समुद्र बघा." मी दरवर्षी काही ना काही काढायचो. कापूस वेचायचा राहिला, तूर आली, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. खरं कारण वेगळं होतं. पाण्यात बसायची आमच्या घराला बंदी होती, आणि ती बंदी माझ्या मायने घातली होती.

माय गंगेपलीकडची. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तेव्हा पूल सगळीकडं नव्हते. उन्हाळ्यात उतार बघून बैलगाडी नदीतून काढायची, पावसाळ्यात भोयांची नाव. नाव नसली की गुळाची काहील. वाचणाऱ्या शहरातल्या लेकरांनी काहील पाहिली नसेल. उसाचा रस आटवायची ती मोठी पसरट लोखंडी कढई. पाण्यात टाकली की तरंगते, पण तिला ना शेंडा ना बुड. वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरते. चार माणसं सारखी बसली तर ठीक, एक जण उठून उभा राहिला की सगळे पाण्यात.

माझा थोरला मामा असाच गेला. भादव्याचा महिना होता, गंगा भरून चालली होती, लग्नाच्या बोलणीला माणसं निघाली होती. काहील कलंडली. मामा पट्टीचा पोहणारा. त्याने दोघांना काठाला लावलं आणि तिसऱ्यासाठी माघारी गेला. तिसरा झाडाला धरून वाचला, मामा सापडला दुसऱ्या दिवशी, खालच्या गावाला. मी तेव्हा पाळण्यात होतो. माय पुढं साठ वर्षं जगली, पण नावेत बसली नाही. माहेरला जायचं तर गंगाखेडच्या पुलावरून लांबचा फेरा घालायची.

तरी मी पोहायला शिकलो. कारण आमची पोखर्णी गंगेवर नाही, आणि विहिरीला माय नदी समजत नव्हती. पोखर्णी म्हणजे नृसिंहाचं गाव, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही पोखर्णी नृसिंह लिहिलेलं आहे. देवळापुढच्या कुंडाला पुष्करणी म्हणतात, त्यावरूनच गावाचं नाव पडलं असावं, असं आपलं माझं मत. दहावी शिकलेल्या माणसाच्या मताला किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

पोहणं शिकवायची रीत ठरलेली होती. वाळलेला कडू भोपळा आतून पोकळ करायचा, भोक मेणाने बंद करायचं आणि सुताच्या दोरीने लेकराच्या पाठीला बांधायचा. दोन भोपळे बांधले की सांगड. मग बाप नाहीतर चुलता विहिरीत उतरायचा, आणि वरून दुसरा कुणी आपल्याला ढकलून द्यायचा. पाठीवर भोपळा असल्यामुळं बुडायचं भेव नसायचं, पण नाकातोंडात पाणी जायचंच. पंधरा दिवसांनी भोपळा सुटायचा. डालड्याचे पत्र्याचे डबे आले तेव्हा भोपळा मागं पडला. डब्याचं झाकण लाखेने बंद केलं की झालं.

पोहता आलं की खेळ सुरू. मुटका, सूर, आणि सगळ्यात मोठा खेळ म्हणजे तळाची माती आणायची. चार परस पाणी असायचं. बुडी मारायची, कान दुखेपर्यंत खाली जायचं, मूठभर गाळ घेऊन वर यायचं आणि मूठ उघडून दाखवायची. गाळ नसला की तू खोटा. माय काठावर यायची. तिला शिव्या द्यायच्या असायच्या, पण मी वर येईपर्यंत तिच्या तोंडातून शब्द निघत नसे. वर आलो की मग हातात सापडेल ती काडी घेऊन मागं लागायची.

1972 ला हे सगळं बंद झालं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, मग तळ दिसला. जो गाळ आम्ही बुडी मारून आणायचो तो आता घमेल्याने वर काढायला लागलो. मोठी माणसं खडी फोडायला गेली, आम्ही सुकडी खाल्ली. पुढं पाऊस पडला, पण विहिरीचं पाणी पहिल्यासारखं राहिलं नाही. बोअर आले. बोअरमध्ये पोहता येत नाही. 1976 ला जायकवाडी झालं, डावा कालवा आमच्या जिल्ह्यात आला. कालव्यात पोरं उतरतात, पण कालव्याला काठावर बसलेला चुलता नसतो, म्हणून तिथं पोरं जातात. 2016 ला मिरजेहून आगगाडीने पाणी लातूरला आणावं लागलं. अशा मुलखात नातवंडांना पोहायला कुठं शिकवायचं?

माझ्या नातवाला येत नाही. चौदा वर्षांचा आहे, मोबाईलमध्ये सगळं येतं. मालवणला जायच्या आधीपासून त्याचं चाललं होतं, "आबा, मी स्कुबा करणार." स्कुबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाला जायचं. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां या दोघांनी 1943 साली, लढाई चालू असताना, ती युक्ती काढली, असं लेकाने गाडीत सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र लेकाने आधी सांगितलेलं नव्हतं तेच होतं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेली होती. मी पेपरात वाचलं होतं. कारभारणीला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याला गेलो. जेटीवर नावाड्याने सगळ्यांना नारिंगी जाकीट दिलं. मी म्हणलं, "मला पोहता येतं, हे राहू द्या." तो हसला नाही. म्हणाला, "काका, घालूक व्हया. पाण्याक कोणाची वळख नसता." मामा आठवला. जाकीट घातलं. छातीवर पट्टे आवळताना मला भोपळ्याचीच दोरी आठवत होती. रंग आणि कापड निराळं, काम तेच.

किल्ल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, 1667 ला पुरं झालं, हिरोजी इंदुलकरांनी बांधला. आत 48 एकर जागा. मला सहा एकर आहे, म्हणजे आठ पोखर्णीवाले तिथं सुखाने नांदतील. दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आतमध्ये महाराजांचं देऊळ आहे, चुन्यातला हातापायाचा ठसा आहे. पण माझा पाय हलला नाही तो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं. महाराजांनी तोफेच्या आधी पाणी बघितलं असेल, याबद्दल मला शंका नाही. त्यांची बाव आणि आमची बारव हा शब्दही एकच असावा. आमच्या जिल्ह्यात वालूरला गोल गोल जिन्याची बारव आहे, गावच्या लोकांनी गाळ काढून ती मोकळी केली. मालवणला जाणारांनी एकदा तीही बघावी.

परतीच्या वाटेवर नावाड्याशी बोलणं निघालं. त्याचा बाप रापण ओढायचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं लावून गावकीने मासे ओढायचे. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, मग हळूहळू पाहुणे यायला लागले. आता त्याचा एक लेक मासे धरतो, दुसरा पाहुण्यांना तळाला नेतो. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात वर ओढून झाकून ठेवतात. मी म्हणलं, "तुमची होडी वर येते तेव्हा आमची तिफण बाहेर निघते." त्याला तिफण माहीत नव्हती, मला रापण माहीत नव्हती. पाऊस उशिरा आला की आमचं मरण, लवकर आला की त्याचं.

दुसऱ्या दिवशी स्कुबा. आधी कागद भरायचा. दमा आहे का, हृदयाचं काही, बीपीची गोळी? मी खरं लिहिलं. पोऱ्या म्हणाला, "काका, तुम्हाला नाही सोडता येणार." मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. कारभारणी किनाऱ्यावरच थांबली होती. नातवाला काळा अंगाबरोबरचा पोशाख चढवला, टाकी बांधली, नळी तोंडात दिली. नाकाने श्वास घ्यायचा नाही, कान दुखले की नाक दाबून फुंकर मारायची, अंगठा वर केला की वर यायचं. म्हणजे अंगठा दाखवून छान म्हणायचं नाही. पोराला हे तीनदा विचारलं तेव्हा कुठं उतरवलं. सोबतीच्या माणसाने त्याची टाकी मागून धरून ठेवली होती.

आणि पोरगं गेलं खाली. पाण्यावर फक्त बुडबुडे. होडी हलत होती, लेक व्हिडिओचं काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी बुडबुडे बघत होतो. एकदा ते थांबल्यासारखे वाटले. दुसऱ्या बाजूला निघाले होते, मी इकडंच बघत बसलो होतो. नावाड्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंडातून शब्द निघेना. तेव्हा माय विहिरीच्या काठावर कशी उभी राहत होती ते मला साठीत कळलं.

दहा-पंधरा मिनिटांनी पोरगं वर आलं. नळी काढली आणि म्हणालं, "आबा, खाली लई मासे! निळे, पिवळे, पट्ट्याचे. हातातली पाव खाऊन गेले." मी विचारलं, "तळाला हात लागला का?" म्हणालं, "लागला. वाळू आहे. पण काही आणायचं नाही म्हणले."

संध्याकाळी कारभारणी म्हणाली, "अहो, मला एकदा होडीत बसायचंय, मासे उड्या मारतात ते बघायला." चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं काही मागितलं नव्हतं. सासूची बंदी तिनेही पाळली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं डॉल्फिन बघायला गेलो. ती पुढं बसली, दोन्ही हातांनी फळी धरून. डॉल्फिन दोनच दिसले, तेही लांब, काळी पाठ वर आली आणि गेली. ती सगळ्या वाटेने त्यांच्याबद्दलच बोलत होती.

घरी येताना गंगाखेडच्या पुलावर गाडी थांबवली. जानेवारीतली गंगा, मधे डबकी आणि वाळू. नातवाने विचारलं, "आबा, ते मामा इथंच का?" मी खालच्या अंगाला हात केला. म्हणलं, "तिकडं, वळणाच्या पुढं." तो कठड्याला टेकून बराच वेळ तिकडं बघत राहिला. कारभारणीने पिशवीतून सुटे पैसे काढले, एक नाणं त्याच्या हातात दिलं, एक स्वतः टाकलं. त्याचं नाणं वाळूत पडलं.