औटकीचे राज्य

महाराष्ट्राला साडेतीन या आकड्याचे भारी वेड. आपली शक्तिपीठे साडेतीन, मुहूर्त साडेतीन आणि माणसाचा देहही साडेतीन हातांचा. पेशवाईत शहाणेसुद्धा साडेतीनच निघाले. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. कारण काय, तर नानांच्या हातात लेखणी होती, तलवार नव्हती. ज्या पुण्याने नानांसारख्या माणसाला अर्ध्यात बसवले, तिथल्या पोरांना अपूर्णांकांची भीती ती कसली वाटणार?

या साडेतीनाचे जुने नाव औट. आज ते फक्त 'औटघटकेच्या राज्यात' उरले आहे. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा हे राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे. पण एके काळी औटाचा चांगला पाढाच होता. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा! त्याला औटकी म्हणत. तिच्याआधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी अशी भावंडे रांगेने उभी असत. पंतोजींची शाळा कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात भरे. धूळपाटीवर अंक गिरवायचे आणि बाकी सगळे घोकायचे. संध्याकाळी दिवा लागला, की घरोघर परवचा सुरू. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी ओढायचे. अर्थ कळण्याची सक्ती नव्हती. चुकल्यास छडी मात्र सर्वांना कळेल अशा भाषेत बोले.

आता कुणी म्हणेल, पोराला साडेतीनचा पाढा हवा कशाला? अहो, बाजारासाठी! रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. सारा संसार पाव, निम आणि पाऊण यांवर चालायचा. अडीच रुपये शेराने साडेतीन शेर जिन्नस घेतला, तर पैसे किती? औटकी आलेला गडी पिशवीचे तोंड बांधून होण्याच्या आत 'पावणेनऊ' म्हणून मोकळा. आपण अजून खिशात मोबाइल चाचपडतो आहोत.

या पाढ्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र आपण हळूच सतरंजीखाली सारतो. ते येत होते कुणाला? पंतोजींसमोर बसत ती बहुतेक ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची मुले, म्हणजे पुढे जे कीर्दखतावणीवर बसणार तीच. मुलींचा प्रश्नच नव्हता. औटकी येणारा आणि न येणारा असे दोघे सावकाराच्या ओटीवर भेटले, की काय होई, ते याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी न कंटाळता लिहिले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. मुलांना काय शिकवावे याच्या यादीत त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही घातला. कर्जाच्या कागदावरचा आकडा ज्याला वाचता येत नाही, त्याचे शेत दुसऱ्याच्या गणितात जमा होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

इंग्रजी वळणाच्या शाळा आल्या आणि घोकण्याबरोबर 'रीत' आली. १८८० साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये टिळक गणित शिकवत आणि पुढे तिथेच आलेले गोखलेही गणित शिकवत. गोखल्यांनी तर बापट या सहकाऱ्यासह अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि ते शाळाशाळांतून चालले. एका शाळेच्या या दोन गणितमास्तरांनी पुढे देशाचे गणित मांडले आणि दोघांची उत्तरे काही जुळली नाहीत. पुण्यात असे चालायचेच.

औटकीचे राज्य खरे बुडाले ते १ एप्रिल १९५७ रोजी. तारीख एप्रिल फूलची असली, तरी सरकार गंभीर होते. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, तेव्हा सवायकीवाल्यांनी मरता मरता एकदा शेवटचा भाव खाऊन घेतला! मागोमाग शेर आणि मण गेले, किलो आला. बाजारातला पाव-पाऊण आटला, तशी पावकी-औटकीही पोरांच्या तोंडून उतरली.

१९६७ साली पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली आणि मास्तरांच्या तोंडचे गणित सरकारी पुस्तकात आले. त्याच बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून २०१९ साली जो गहजब झाला, तो आपल्या लक्षात असेलच. 'एकवीस'ला 'वीस एक' असेही म्हणता येईल, असे पुस्तकात आले. झाले! मराठी भाषेचा खून झाला, अशी हाकाटी उठली. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोट्या झाल्या. समितीवर होत्या पुण्याच्याच गणितज्ञ मंगला नारळीकर. मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. आपण म्हणताना 'पंच' आधी म्हणतो, 'वीस' मागून. लिहिताना मात्र दोन आधी, पाच मागून. पोर ऐकते तसे लिहिते आणि पंचवीसचे बावन्न होतात. त्यात त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव असली जोडाक्षरे! एकोणतीस म्हटले की पोराने आधी तीसपर्यंत जायचे आणि एक पाऊल मागे यायचे. शेजारचे कानडी पोर सरळ 'वीस' म्हणून मग 'एक' म्हणते. जर्मन लोक आपल्यासारखेच उलटे बोलतात, पण म्हणून आपल्या मागच्या बाकावरच्या पोरीची भीती कमी होत नाही. ती एकदा गणिताला बिचकली, की बहुधा जन्माची बिचकते. फुल्यांच्या यादीतला हिशेब आजही तिच्यासाठीच आहे.

मंगलाबाई २०२३ साली गेल्या. एकवीस अजून जिवंत आहे, निदान आपल्यापुरता. कारण गंमत अशी, की 'वीस एक'वर तावातावाने बोलणाऱ्या किती आजोबांची नातवंडे आनंदाने 'ट्वेंटी वन' म्हणतात! वाणी सांगतो, 'एकशे सत्तेचाळीस झाले.' नातू आजोबांची बाही ओढतो, 'आजोबा, म्हणजे किती?' आणि मातृभाषेचे कट्टर अभिमानी आजोबा खाली वाकून समजावतात, 'फॉर्टी सेव्हन रे, फॉर्टी सेव्हन!'

म्हणजे चाळीस सात.