प्रकाशनपूर्व दोषदुरुस्ती
सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रकाशित होण्याच्या सुमारास तिच्यात नव्या सुविधा घालणे थांबवून संहिता गोठविली जाते. या ‘कोड फ्रीझ’नंतर उरलेले कोणते दोष लगेच दुरुस्त करावयाचे आणि कोणते पुढील आवृत्तीवर सोपवावयाचे, हे ठरविण्याची ही पद्धती होय. प्रत्येक दुरुस्ती हाही एक बदलच असल्याने तिच्यामुळे आधी नीट चालणारा भाग बिघडू शकतो, ज्यास ‘रिग्रेशन’ म्हणतात. म्हणून दोषाची तीव्रता आणि दुरुस्ती पारखण्यास उरलेला वेळ एकत्र तोलावे लागतात. साठवलेली माहिती नष्ट करणाऱ्या दोषासाठी प्रकाशन लांबविणे रास्त ठरते, तर बटणाच्या रंगासाठी नाही. लिनक्सच्या गाभ्यात सुमारे दोन आठवडे नवे बदल घेतल्यानंतर साधारणतः दर आठवड्याला येणाऱ्या चाचणी आवृत्त्यांत मुख्यत्वे दुरुस्त्याच स्वीकारल्या जातात. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पात पडद्यावरील मजकूरही गोठविला जातो, कारण इंग्रजी वाक्य ऐनवेळी बदलल्यास त्याचा मराठी अनुवाद निरुपयोगी होऊन तिथे पुन्हा इंग्रजीच दिसू लागते. दुरुस्ती सुचविणाऱ्याच्या हा परिणाम ध्यानी येईलच असे नाही. नागपुरात परसोडीचे आयटी पार्क व मिहान येथे चालणाऱ्या सॉफ्टवेअर व्यवसायात, काम बाहेरच्या ग्राहकासाठी असल्यास, संहिता गोठविल्यानंतरच्या दुरुस्तीस अंतिम संमती कोणी द्यावयाची हे करारातच ठरविणे इष्ट असते.