घरगुती प्रसाधनें आणि त्यांतील युक्ति

घरच्या घरीं उटणें, तेल, लेप किंवा मलई तयार करण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांत पुन्हा दिसूं लागली आहे. बाजारांतील बाटल्यांवर बारीक अक्षरांत छापलेल्या लांबलचक नांवांचा सुशिक्षित गृहिणींना वीट आला आहे, आणि ‘आमच्या आजीच्या वेळीं कुठें होतें हें सारें?’ हा प्रश्न वरचेवर कानीं पडतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर इतिहासाला न विचारतांच देऊन टाकण्याची आपल्याला घाई फार.

माझ्या भाचीनें गेल्या पावसाळ्यांत कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचें तेल आणि मधमाश्यांचें मेण घोटून एक सुरेख पांढरी मलई केली व मोठ्या कौतुकानें शेजारणींना तिच्या डब्या वाटल्या. बाराव्या दिवशीं त्या डब्यांतून करडी बुरशी डोकावूं लागली. पोर अगदीं हिरमुसली. ‘मामा, सगळें शुद्ध होतें, मग बिघडलें कसें?’ असें तिनें मला विचारलें. मी वैद्य नव्हे कीं रसायनशास्त्रज्ञही नव्हे. जुनीं पुस्तकें चाळण्याचा मात्र मला नाद आहे. तिच्या प्रश्नाचें जें उत्तर त्या नादांतून हातीं आलें, तें येथें मांडतों.

सहाव्या शतकांतील ज्योतिषी वराहमिहिर यानें आपल्या ‘बृहत्संहितें’त ग्रहचार, पर्जन्य, भूकंप, वास्तु, रत्नपरीक्षा अशा नाना विषयांच्या पंक्तीला सुगंधी द्रव्यांवर एक अध्याय बसविला आहे. त्या अध्यायाचें नांव ‘गंधयुक्ति’. युक्ति म्हणजे जुळणी, योजना. कोणतीं द्रव्यें उत्तम एवढेंच ग्रंथकाराला सांगावयाचें नसून तीं कशीं, कितीं आणि कोणत्या क्रमानें एकत्र आणावीं, हें त्याला मुख्यतः सांगावयाचें आहे.

या अध्यायाचा आरंभ पांढऱ्या केसांपासून होतो. डोकें पांढरें झालेल्या माणसाला माळा, सुगंध, वस्त्रें, अलंकार कांहींच शोभत नाहीं, म्हणून आधीं केस काळे करून घ्यावे, असा ज्योतिषीबुवांचा व्यवहारी सल्ला आहे. कृति अशी: लोखंडाच्या भांड्यांत कोद्र्याचे तांदूळ लोहचूर्णासह आंबट कांजींत शिजवावे, बारीक वाटून डोक्याला थापावे आणि वर ओलीं पानें बांधावीं. दोन प्रहर लोटले कीं तें काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पानें बांधावीं आणि आणखी दोन प्रहरांनीं डोकें धुवावें. केस काळे होतात. मागाहून लोखंडाचा व आंबेचा वास जावा म्हणून सुगंधी तेलांनीं स्नान करावें, हेंही तो विसरत नाहीं. ज्यानें हा प्रयोग जवळून पाहिला नसेल, त्याला ही शेवटची सूचना सुचली असती असें मला वाटत नाहीं.

या कृतींत चमत्कार कांहीं नाहीं. कांजींतील आम्लांत लोखंड विरघळतें व केसांत शिरतें. त्यावर आवळ्यांतील तुरट द्रव्य येऊन मिळालें म्हणजे जागच्या जागीं काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती याच न्यायानें, आणि आपल्याकडे मेंदी व आवळा लोखंडी कढईंत रात्रभर भिजत घालतात तेंही यासाठींच. ओलीं पानें बांधावयाचीं तीं लेप सुकूं नये म्हणून. कढई बदलून स्टीलची घेतली, कांजीच्या जागीं साधें पाणी घातलें, कीं युक्ति गेली आणि नुसतें साहित्य उरलें. आपल्या बहुतेक घरगुती प्रयोगांची गत अशी होते. साहित्याची यादी आपण जिवापाड जपतों आणि भांडें मात्र बदलतों.

पुढें वराहमिहिर ‘गंधार्णव’ सांगतो. नागरमोथा, वाळा, दगडफूल, नागकेशर, अगरु, तगर, धने, कापूर, कचोरा, चंदन इत्यादि सोळा द्रव्यें घ्यावयाचीं. त्यांतून कोणतींही चार निवडून एकाचा एक भाग, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन व चौथ्याचे चार असें मिश्रण करावयाचें. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात, हा हिशेब त्यानें स्वतः दिला आहे. आणि भागांच्या अदलाबदलीसह एकूण गंध १,७४,७२० होतात असेंही तो सांगतो. येथवर हा सारा गणिताचा खेळ वाटेल. पण लगेच तो बजावतो कीं धन्यांचा वास फार उग्र, म्हणून ते नेहमीं एकच भाग घालावे आणि कापूर तर त्याहूनही कमी. या दोहोंना दोन-तीन भाग कधींही देऊं नयेत. म्हणजे गणितानें दिलेली मुभा नाकानें काढून घेतली! नवशिक्यानें या अध्यायांतून एकच गोष्ट उचलावयाची असेल तर ही उचलावी.

याच अध्यायांत सोळा घरांचा एक चौकोन येतो. घरोघर निरनिराळें द्रव्य आणि त्याचे भाग: पहिल्या ओळींत २, ३, ५, ८, दुसरींत ५, ८, २, ३, तिसरींत ४, १, ७, ६, चौथींत ७, ६, ४, १. आडवी, उभी, कर्णरेषेंत, कोणतीही ओळ घ्या, बेरीज १८ च भरते. हे आंकडे श्लोकांत इंद्रिय म्हणजे पांच, वेद म्हणजे चार, चंद्र म्हणजे एक, अशा शब्दांनीं गुंफले आहेत. त्यामुळें लेखनिकाच्या हातून आंकडा चुकला तर वृत्त मोडतें किंवा बेरीज बिघडते आणि चूक तात्काळ उघडी पडते. गमतीची गोष्ट अशी कीं वराहमिहिराच्या आधीं चार शतकें रोमन साम्राज्यांत वैद्यकी करणाऱ्या गेलननेंही औषधांच्या पद्यबद्ध कृतींची याच कारणासाठीं वाखाणणी केली होती. प्रमाण हा कृतीचा प्राण आहे, हें दोन्हीकडे सारखेंच ओळखलें गेलें होतें. ‘चमचाभर हें, चिमूटभर तें’ ही भाषा मागाहूनची, आणि आळसाची.

हा विषय मराठींतही उतरला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ नांवाचा दुसरा एक ग्रंथ यांचें हस्तलिखित अभ्यासून त्यांवर लेख लिहिले. यांपैकीं ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे! संस्कृत न जाणणाऱ्या कोणा करणाऱ्यासाठीं ती लिहिली गेली असली पाहिजे. नाहींतर तिचें प्रयोजन काय? हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें १९८९ सालीं छापून प्रसिद्ध केले. ‘गंधसारां’त द्रव्यांवर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला रसांत भिजविणें, शिजविणें, मंद झालेला गंध जागा करणें, तीव्र द्रव्यानें त्याला धार आणणें, धुरी देणें, फुलांत ठेवून वास लावणें, असा त्यांचा स्थूल अर्थ आहे. क्रियांना स्वतंत्र नांवें असणें हें शास्त्र जिवंत असल्याचें लक्षण होय. आज आपल्या तोंडीं द्रव्यांचीं नांवें उरलीं आहेत, क्रियांचीं नाहींत.

आतां भाचीच्या डबीकडे वळूं. आपल्या घरांतील उटणें पाहा. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, आंबेहळद हीं सारीं वाळवून कुटावयाचीं, वस्त्रगाळ करावयाचीं आणि कोरड्या डब्यांत ठेवावयाचीं. दूध, तेल किंवा पाणी मिसळावयाचें तें वाटींत, लावण्याच्या वेळीं, आणि तेवढ्यापुरतेंच. जेथें पाणी नाहीं तेथें बुरशीला व सूक्ष्म जंतूंना थारा नाहीं. तेलांत पाणी नसतें म्हणून तेंही बुरशीपासून बचावतें. जुनें झालें तर खवट होईल इतकेंच. आमच्या आजीच्या वेळीं तीं लांबलचक नांवें नव्हतीं याचें कारण हें आहे. तिच्या डब्यांत पाणीच नव्हतें.

मलईची जात निराळी. तिचें कुळ गेलनकडे जातें. वितळलेल्या मेणांत गुलाबाचें तेल घालून त्यांत थोडें थोडें पाणी घोटून मुरवावयाचें, अशी त्याच्या ग्रंथांत कृति आहे. अंगाला लावल्यावर त्यांतील पाणी उडून जातें व गारवा वाटतो, म्हणून पुढें युरोपांत तिला ‘कोल्ड क्रीम’ म्हणूं लागले. परंतु तेल आणि पाणी यांचें सख्य फार वेळ टिकत नाहीं. नुसत्या मेणाच्या भरंवशावर घोटलेली मलई कांहीं दिवसांनीं फुटते. शेंकडों वर्षें ती ताजीच करून वापरीत. एकोणिसाव्या शतकांत तींत टाकणखार घालण्याची प्रथा पडली. मेणांतील आम्लांशीं त्याचा संयोग होऊन साबणासारखें एक द्रव्य बनतें आणि तें तेलापाण्याला एकत्र बांधून ठेवतें. हा टाकणखार मूळचा आपल्या शेजारचा. तिबेटांतील सरोवरांच्या कांठचा हा क्षार मेंढ्यांच्या पाठीवर लादून हिमालयाच्या घाटांतून खालीं येई आणि व्यापाऱ्यांच्या हातून युरोपांत जाई. इंग्रजींतील ‘टिंकल’ हा शब्द आपल्या ‘टंकण’ शब्दाचाच वंशज आहे. पोट भरेपर्यंत पुराणकथा सांगणाऱ्यांनीं ही खरी कथा सांगितली तर बरें होईल. मात्र एवढ्यावरून कोणी टाकणखार आणावयास धांवूं नये. त्याच्या वर्गांतील क्षार प्रजननशक्तीला अपायकारक ठरूं शकतात असें आढळल्यावरून युरोपांत आतां प्रसाधनांतील त्यांच्या उपयोगावर कडक मर्यादा आहेत.

मलई फुटेनाशी झाली आणि महिनोन्महिने डबींत राहूं लागली, तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला तो बुरशीचा. १९२० नंतरच्या काळांत पॅराबेन वर्गांतील द्रव्यें औषधांत व प्रसाधनांत टिकाऊपणासाठीं येऊं लागलीं तीं यामुळें. बाटलीवरील ज्या नांवांचा आपल्याला राग येतो, त्यांतील कित्येक नांवें अशीं पाण्याच्या पाठोपाठ आलेलीं आहेत. त्यांतील कोणतें घ्यावें, कोणतें टाळावें, यावर वाद घालावयास हरकत नाहीं. पण पाणी ठेवावयाचें, टिकाऊ द्रव्य काढून टाकावयाचें आणि मलई कपाटांत महिनाभर ठेवावयाची, हा मार्ग ना गेलनचा, ना आजीचा.

‘जुनें तें निर्मळ’ हा दुसरा भ्रमही इतिहास फार दिवस टिकूं देत नाहीं. ग्रीसमध्यें स्त्रिया चेहरा उजळ दिसावा म्हणून सफेता लावीत. झेनोफनच्या एका संवादांत इस्कोमाखस आपल्या तरुण पत्नीनें सफेता व तांबडा रंग लावल्यावर तिची समजूत कशी घातली, तें सॉक्रेटिसाला सांगतो. त्याची हरकत मात्र विषाबद्दल नसून खोटेपणाबद्दल आहे. हा सफेता म्हणजे शिसें. तो करण्याची रीत थिओफ्रास्टसनें इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेविली: शिसें शिरक्याच्या वाफेंत ठेवावें आणि वर धरलेली पांढरी पूड खरवडून घ्यावी. शिसें आणि शिरका, दोनच जिन्नस, दोन्ही ‘नैसर्गिक’! युरोपांतील थोरामोठ्यांच्या बायका अठराव्या शतकापर्यंत हें विष तोंडाला फांशीत राहिल्या. लेडी कॉव्हेंट्री ही विलक्षण रूपवती १७६० सालीं ऐन सत्ताविशींत वारली, ती याच सफेत्यामुळें असें मानतात.

सारेच तसे बेफिकीर होते असेंही नाहीं. २००३ सालीं लंडनच्या साउथवर्क भागांतील उत्खननांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील एक कथिलाची डबी झांकणासह सांपडली. आंत पांढरी मलई तशीच होती आणि तिच्यावर लावणाऱ्याच्या बोटांचे ठसे! ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनीं तिचें पृथक्करण केलें, तेव्हां जनावराची चरबी, पिष्ट आणि कथिलाचें भस्म एवढींच द्रव्यें निघालीं. त्यांनीं तशीच ताजी मलई करूनही पाहिली. पिष्टामुळें चरबीचा चिकटपणा कमी होतो आणि कथिलानें पांढरा रंग येतो, असें दिसून आलें. शिशाऐवजीं कथिल कोणीं व कां निवडलें हें ती डबी सांगत नाहीं. पण पाण्याचा अंश नसलेली ती कृति करणाऱ्याला आपलें काम कळत होतें.

गोरेपणाचा हव्यास अजून शमलेला नाहीं. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रोगी एकामागून एक डॉक्टरांकडे येऊं लागले. चौकशी केली तेव्हां त्यांतले बरेच जण त्वचा उजळणारी मलई लावीत असल्याचें कळलें, आणि त्या मलयांत पारा निघाला. शिशाची जागा पाऱ्यानें घेतली एवढाच काय तो फरक.

भाचीला हें सारें मीं एका बैठकींत ऐकविलें. तिनें अर्धें ऐकलें, जांभई दिली आणि दुसऱ्या दिवशीं ग्रॅमचा दशांश दाखविणारा एक लहानसा कांटा विकत आणला. मलई ती अजूनही करते. पण आठवड्यापुरती, उकळून घेतलेल्या भांड्यांत, आणि ठेवते शीतपेटींत. शेजारणींना मात्र आतां ती कोरडें चूर्णच देते. गंधार्णवांतील नागरमोथा, वाळा, कचोरा आणि चंदन हीं चार द्रव्यें घेऊन त्यांचीं चोवीसही प्रमाणें करून पाहण्याचा तिनें पण केला आहे. सात झालीं आहेत. तिला पांचवें आवडतें, मला तिसरें.