मनाचें शास्त्र आणि खेड्यांतील विद्यार्थी

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, अकोला-पूर्णा लोहमार्गावर, जऊळका हें गांव आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणाऱ्या त्या मुलखाला ‘मन’ हा शब्द नवा नाहीं. समर्थ रामदासांचे मनाचे २०५ श्लोक महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले आहेत. परंतु मनाला उपदेश करणें निराळें आणि मनाच्या व्यापारांचें निरीक्षण करून त्यांचे नियम शोधणें निराळें. हें दुसरें कार्य मानसशास्त्राचें होय. आज महाराष्ट्रांत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला तो विषय ऐच्छिक म्हणून घेतां येतो. तेथवर तो कसा आला, हें पाहण्यासारखें आहे.

दीर्घकाळ मनाचा विचार तत्त्वज्ञानाच्या घरींच नांदत होता. १८७९ सालीं जर्मनींतील लाइप्‌झिग येथें विल्हेल्म वुंट यांनीं प्रयोगशाळा उघडली आणि या शास्त्रानें वेगळें बिऱ्हाड केलें. हिंदुस्थानांत कलकत्ता विद्यापीठानें १९१५ सालीं प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आंखला व पुढील वर्षीं स्वतंत्र विभाग काढला. अमेरिकेंत शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे अध्वर्यु. महाराष्ट्रांत पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें आणि त्यानंतर लवकरच तेथेंही या विषयाचा विभाग सुरू झाला.

तथापि मराठी मुलांशीं या शास्त्राचा खरा परिचय घडविला तो बुद्धिमापनानें. शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांना साह्य करतां यावें, म्हणून पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सायमन यांनीं १९०५ सालीं एक कसोटीमाला सिद्ध केली. ती केवळ भाषांतर करून इकडे चालणारी नव्हती. जी वस्तु फ्रेंच मुलाच्या नित्य पाहण्यांतली, ती मराठी मुलानें कधीं पाहिलेलीही नसेल. मग त्याचें मौन हें बुद्धीचें उणेपण कसें मानावें? ही अडचण जाणून प्रा. व. वि. कामत यांनीं कानडी आणि मराठी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठीं त्या कसोट्या नव्यानें बसविल्या. त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. माप ज्याचें त्याच्या मातींत घडवावें लागतें, हा त्या परिश्रमाचा धडा होय.

त्या काळीं हा विषय शाळेंतील मुलांना मात्र शिकवीत नसत. तो महाविद्यालयांत होता, आणि अध्यापक-शिक्षणांत होता. म्हणजे मास्तरांनीं मुलांचें मन अभ्यासावें, मुलांनीं नव्हे, अशी वांटणी होती. कोठारी आयोगानें (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन या रचनेची शिफारस केली. ती पुढें अंमलांत आल्यावर बारावीपर्यंतची दोन वर्षें वेगळी झालीं आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयांत हा विषय येऊन पोहोंचला. २०१९ व २०२० सालीं बालभारतीनें त्याचीं अकरावी आणि बारावीचीं नवीं पुस्तकें काढलीं. बुद्धि, व्यक्तिमत्त्व, भावना, मनाचे विकार असे विषय त्यांत आले आहेत.

खेड्यांत उपकरणें कोठून आणावयाचीं, अशी शंका निघते. तिचें उत्तर इतिहासानेंच दिलें आहे. स्मृतीवरील हेरमान एबिंगहाउस यांचे प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत प्रयोग करणारे तेच आणि प्रयोगाचा विषयही तेच होते. साधनें म्हणजे निरर्थक अक्षरांच्या याद्या आणि घड्याळ. जऊळक्याच्या विद्यार्थ्यालाही याहून अधिक कांहीं लागणार नाहीं. व्याख्या घोकून गुण मिळतात. पण स्वतःची विस्मृति स्वतः मोजून पाहिली म्हणजे शास्त्र समजूं लागतें.

वऱ्हाडांत या अभ्यासाला आणखीही एक गंभीर अर्थ आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं साह्य-योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कर्ज आणि पाऊस यांचा हिशेब मानसशास्त्रानें सुटत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु घरांतला कर्ता पुरुष जेवण टाकतो, झोंप गमावतो, कोणाशीं बोलत नाहीं, तेव्हां ‘हें त्याचें खूळ’ म्हणावयाचें, कीं हें दुखणें आहे असें ओळखून वेळींच उपचारास न्यावयाचें, एवढा फरक हें ज्ञान निश्चित करूं शकतें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजीं साह्य देण्याची दिशा घेतली. २०२२ सालापासून १४४१६ या दूरध्वनि-क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

मात्र सतरा वर्षांचा विद्यार्थी वैद्य नव्हे. पुस्तकांतील विकार वाचून ते शेजाऱ्याला चिकटविण्याचा मोह त्यानें आवरला पाहिजे. त्याचें काम निदान करणें नव्हे. ऐकून घेणें, न हंसणें आणि योग्य माणसाकडे वाट दाखविणें, हें आहे. दोन वर्षांच्या अभ्यासानें खेड्यांतील एका मुलाला एवढें जरी साधलें, तरी लाइप्‌झिगपासून निघालेलें हें शास्त्र वऱ्हाडांत रुजलें असें म्हणतां येईल.