पेंढारकर, भालजी

(३ मे १८९७ – २६ नोव्हेंबर १९९४). मराठी चित्रपटसृष्टीतील एक श्रेष्ठ दिग्दर्शक, पटकथा-संवादलेखक व निर्माते. संपूर्ण नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. जन्म कोल्हापूर येथे. प्रसिद्ध नट बाबूराव पेंढारकर हे त्यांचे ज्येष्ठ बंधू, व्ही. शांताराम व मास्टर विनायक हेही त्यांच्या नात्यातीलच. मूकपटाच्या काळात सुरू झालेली त्यांची कारकीर्द १९८० नंतरपर्यंत चालू होती. आपल्या बहुतेक चित्रपटांची कथा, पटकथा व संवाद त्यांनी स्वतःच लिहिले. त्यामुळे दिग्दर्शक भालजी आणि लेखक भालजी यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही; किंबहुना लेखक हाच त्यांच्यातील मूळ पुरुष होय.

भालजींच्या तरुणपणीचे कोल्हापूर हे संगीत नाटके, कुस्त्यांचे आखाडे, चित्रकारांच्या कार्यशाळा आणि दरबारी आश्रय यांनी गजबजलेले संस्थानी शहर होते. बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापून सैरंध्री (१९२०), सिंहगड (१९२३) व सावकारी पाश (१९२५) यांसारखे मूकपट काढले. पौराणिक, ऐतिहासिक आणि ग्रामीण अशा ज्या तीन वाटांनी पुढे भालजी गेले, त्या तिन्ही पेंटरांनी आधीच आखून दिल्या होत्या. मात्र पेंटर चित्रकलेकडून चित्रपटाकडे आले, तर भालजी शब्दाकडून. प्रारंभी त्यांनी रंगभूमीसाठी नाटके लिहिली व मग ते मूकपटांकडे वळले. मूकपटात लेखकाला वाव तो कितीसा? कथेची बांधणी आणि प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या एवढाच. तरीही नानूभाई देसाई यांच्यासमवेत दिग्दर्शित केलेला बाजीराव मस्तानी (१९२५) आणि त्यानंतरचा वंदे मातरम् आश्रम (१९२६) या मूकपटांवरून त्यांचा पुढील कल स्पष्ट होतो. वंदे मातरम् आश्रम हा ब्रिटिशांच्या शिक्षणपद्धतीवर टीका करणारा मूकपट होता. त्याला अभ्यवेक्षणाची कात्री लागली व काही काळ त्यावर बंदीही आली. चित्रपटाची राजकीय शक्ती सरकारच्या ध्यानात येऊ लागल्याचा तो काळ होता. १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने चित्रपटव्यवसायाच्या चौकशीसाठी रंगाचारी समिती नेमली, तीही याच सुमारास. परकीय सत्तेवर उघड टीका करता येत नाही, हे या अनुभवाने दाखवून दिले. पुराणातील कंस किंवा इतिहासातील मोगल यांच्या आडून मात्र पुष्कळ काही बोलता येई, आणि तत्कालीन प्रेक्षकालाही ते बरोबर कळत असे.

बोलपट आला आणि भालजींना आपले खरे माध्यम सापडले. प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट १९३२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी भालजींनी श्यामसुंदर हा बोलपट दिग्दर्शित केला. सरस्वती सिनेटोन ही रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांची संस्था. कृष्णाच्या भूमिकेसाठी निवडलेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा, तर राधेच्या भूमिकेत शांता आपटे. दोघांचेही हे चित्रपटातील पदार्पण. मुंबईत हा बोलपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला व रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याची नोंद झाली. ख्रिस्ती घरातला मुलगा महाराष्ट्राने कृष्ण म्हणून डोक्यावर घेतला आणि पुढे संत ज्ञानेश्वर (१९४०) मध्ये ज्ञानेश्वर म्हणूनही स्वीकारला, ही त्या काळच्या प्रेक्षकवर्गाविषयी बरेच काही सांगणारी गोष्ट आहे. नवख्या मुलांकडून स्वच्छ, ठाशीव मराठी बोलवून घेण्याची भालजींची हातोटी येथेच प्रथम दिसून आली.

१९३३ मध्ये प्रभात कंपनी पुण्यास हलली. तिच्यामागे कोल्हापुरातील चित्रपटव्यवसाय ओस पडू नये म्हणून छत्रपती राजाराममहाराज यांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली. तिच्या आकाशवाणी (१९३४) या पहिल्या बोलपटाचे दिग्दर्शन भालजींकडे आले. त्यानंतर कालियामर्दन (१९३५), सावित्री (१९३६), कान्होपात्रा (१९३७), राजा गोपीचंद (१९३८) असे पौराणिक व संतपट त्यांनी निरनिराळ्या संस्थांसाठी केले. त्यांच्या अनेक बोलपटांत काम करणाऱ्या अभिनेत्री लीलाबाई या त्यांच्या पत्नी होत. या चित्रपटांपैकी काही आज केवळ नावापुरते उरले आहेत. नायट्रेटच्या ज्वालाग्राही फितींवर निघालेल्या त्या काळच्या बहुसंख्य भारतीय चित्रपटांची हीच गत झाली.

भालजींची कीर्ती प्रामुख्याने ज्यांवर उभी आहे ते ऐतिहासिक चित्रपट नेताजी पालकर (१९३९) पासून सुरू होतात. थोरातांची कमळा (१९४१) आणि बहिर्जी नाईक (१९४३) हे त्यांतील पुढचे टप्पे. शिवकाल हा त्यांचा श्रद्धाविषय होता. परंतु सिंहासनावरील राजापेक्षा त्याच्यासाठी जीव टाकणारा हेर, सरदार, मावळा किंवा गावातील स्त्री यांच्याकडे त्यांची लेखणी अधिक ओढ घेते. संवाद ठसकेबाज, लयबद्ध व टाळी घेणारे असत. त्यांवर नाटकाची छाया आहे हे खरे. पात्रे समोरासमोर उभी राहून बोलतात आणि कॅमेरा पुष्कळदा श्रोत्याच्या भूमिकेत राहतो. शांतारामांच्या चित्रपटांतील दृश्यांची योजकता येथे शोधू नये. उलट, कोल्हापुरी बोलीचा रांगडेपणा आणि बखरीच्या मराठीचा डौल यांचा जो मेळ भालजींनी घातला, तसा दुसऱ्या कोणाही मराठी चित्रपटलेखकाला साधलेला नाही. नंतरच्या ऐतिहासिक चित्रपटांनी व नाटकांनीही शिवकालीन माणसे कशी बोलत असतील याची कल्पना बव्हंशी त्यांच्याच संवादांवरून बांधली.

इतिहास म्हणून या चित्रपटांकडे पाहताना मात्र सावध राहावे लागते. थोरातांची कमळा हा संभाजी आणि कमळा यांच्या प्रेमाच्या दंतकथेवर आधारलेला आहे. ही दंतकथा भालजींनी निर्माण केलेली नव्हे. ती लोकांच्या तोंडी आधीपासूनच रुळलेली होती. परंतु चित्रपटाने तिला जो चेहरा व आवाज दिला, त्यामुळे ती इतिहासासारखी भासू लागली. पुढे वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र (१९६०) आणि कमल गोखले यांचा शिवपुत्र संभाजी हा ग्रंथ यांनी साधनांच्या आधारे संभाजीची प्रतिमा नव्याने उभी केली, तेव्हा अशा कथांचा पायाच ढासळला. तत्पूर्वीच, १९५४ मध्ये, महाराणी येसूबाई हा चित्रपट काढून भालजी त्याच कालखंडाकडे वेगळ्या बाजूने वळले होते, हेही नमूद करावयास हवे.

कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे भालजींच्या ताब्यात आली व तिचे ‘जयप्रभा स्टुडिओ’ असे नामकरण झाले. प्रभाकर पिक्चर्स या आपल्या संस्थेतर्फे त्यांनी काढलेल्या महारथी कर्ण (१९४४) या हिंदी बोलपटात पृथ्वीराज कपूर, दुर्गा खोटे व शाहू मोडक यांच्या भूमिका होत्या. वाल्मिकी (१९४६) मध्ये पृथ्वीराजांबरोबर त्यांचे चिरंजीव राज कपूर नारदाच्या भूमिकेत चमकले. जयप्रभा हा केवळ चित्रीकरणाचा कारखाना नव्हता. नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी अशी पगारी माणसे तेथे एका शिस्तीत वावरत आणि सर्व जण भालजींना ‘बाबा’ म्हणत. चंद्रकांत व सूर्यकांत हे मांडरे बंधू आणि सुलोचना यांची जडणघडण याच शिस्तीत झाली. सूर्यकांत व सुलोचना ही नावेही भालजींनीच दिलेली. चित्रपटाच्या धंद्यात जिला ‘कंपनी’ म्हणत, ती येथे बरीचशी एकत्र कुटुंबासारखी चाले. त्यातील जिव्हाळ्याबरोबर कर्त्या पुरुषाचा धाकही आलाच.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांत, ब्राह्मणांची घरे व मालमत्ता यांवर जमाव चालून गेले. भालजींची हिंदुत्ववादी विचारसरणी व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेला त्यांचा संबंध कोल्हापुरात सर्वज्ञात होता. जमावाने जयप्रभा स्टुडिओ पेटवून दिला. यंत्रसामग्री, वेशभूषा, सजावटीचे सामान व चित्रपटांच्या फिती यांची राख झाली. तयार होत आलेला मीठभाकर हा चित्रपटही त्यात नष्ट झाला. ज्या स्टुडिओत शिवाजीच्या मावळ्यांची कथा बहुजन समाजातील नटांच्या तोंडून सांगितली जात होती, त्याच्यावरच शहरातील जमावाचा राग कोसळावा, यातील विपरीतता त्या पिढीतील कोल्हापूरकरांना दीर्घकाळ बोचत राहिली. ही आग केवळ एका माणसाचे नुकसान करणारी नव्हती. प्रभात पुण्यास गेल्यावर कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायाचा जो मोठा आधार उरला होता, तोच तिने हादरविला.

भालजींनी मीठभाकर पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला व तो १९४९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी शिलंगणाचे सोने हा चित्रपटही आला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कर्ज काढून जळालेली वास्तू उभी करावी आणि जळालेला चित्रपट जिद्दीने दुसऱ्यांदा काढावा, हे धैर्य असामान्य खरे. परंतु या पुनरुभारणीचा आर्थिक बोजा त्यांच्या मानेवरून पुढे कधीच पूर्णपणे उतरला नाही. छत्रपती शिवाजी (१९५२) हा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला भव्य चित्रपट त्यांनी याच काळात पुरा केला. शिवाजीच्या भूमिकेत चंद्रकांत आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते, संगीत सी. रामचंद्र यांचे होते. चंद्रकांत यांचा शिवाजी पुढे अनेक वर्षे मराठी मनात शिवाजीचे जणू अधिकृत रूप होऊन बसला. यानंतरच्या चित्रपटांत पावनखिंड (१९५६) व आकाशगंगा (१९५९) यांचा उल्लेख करता येईल. कर्जाच्या ओझ्याखाली जयप्रभा अखेर भालजींच्या हातून गेला व त्याची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे आली. मालकी गेली तरी भालजींचे काम त्याच आवारात चालू राहिले.

लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या टोपणनावाने ज्या चित्रपटांना संगीत दिले, ते भालजींचेच : मोहित्यांची मंजुळा (१९६३), मराठा तितुका मेळवावा (१९६४), साधी माणसं (१९६५) व तांबडी माती (१९६९). यांपैकी साधी माणसं हा त्यांच्या कारकीर्दीचा कळस मानावा लागतो. कोल्हापूरकडील एक कष्टाळू लोहार व त्याची बायको मुंबईच्या झगमगाटाला भुलून तेथे जातात, फसविली जातात आणि होरपळून निघतात, एवढेच त्याचे कथानक. सूर्यकांत व जयश्री गडकर यांनी ते अत्यंत संयमाने रंगविले आहे. येथे तलवारी नाहीत आणि टाळीची वाक्ये मोजकीच आहेत. भात्याची धग, ऐरणीवरचा घाव आणि नवराबायकोचे तुटक बोलणे यांतून आशय पुढे सरकतो. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे वयाच्या लेखक-दिग्दर्शकाने आपल्या नाटकी वळणावर अशी मात केल्याचे उदाहरण विरळाच. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. संगीतासाठी राज्य शासनाचा पुरस्कारही त्याला लाभला. तांबडी माती ही कुस्तीच्या जगातील कथा. दादा कोंडके यांचा पडद्यावरील प्रवेश याच चित्रपटातून झाला.

ग्रामीण चित्रपटात शहर म्हणजे पाप व गाव म्हणजे पुण्य अशी सरधोपट विभागणी भालजींनी रूढ केली, असा आक्षेप घेतला जातो, व तो सर्वस्वी निराधार नाही. त्यांच्या स्त्रिया बहुधा सोशिक व पतिपरायण असतात. मात्र श्रमाचा मान, हातच्या कारागिरीविषयीचा आदर आणि गरिबाच्या शब्दाची किंमत ही मूल्ये त्यांनी ज्या खात्रीने मांडली, ती उसनी नव्हती. १९७० नंतर तमाशापट व विनोदी चित्रपट यांची लाट आली, तेव्हा त्यांची शैली जुनी वाटू लागली. तरीही वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी गनिमी कावा (१९८१) दिग्दर्शित केला. साधा माणूस हे त्यांचे आत्मचरित्र असून त्याचे नाव त्यांच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाशी नाते सांगणारे आहे. चित्रपटक्षेत्रातील प्रदीर्घ सेवेबद्दल भारत सरकारने त्यांना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला.

कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. जयप्रभा स्टुडिओतील चित्रीकरण पुढे थंडावत गेले. २०२२ मध्ये त्याच्या जागेची विक्री झाल्याचे उघडकीस येताच ती वास्तू चित्रीकरणासाठीच राखली जावी, या मागणीसाठी कोल्हापुरातील कलावंत व तंत्रज्ञ स्टुडिओच्या दाराशी धरणे धरून बसले होते.