रानपिंगळ्याची हरवलेली ११३ वर्षं

कोल्हापूरकरांना पिंगळा नवा नाही. गावातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत त्याचं बिऱ्हाड असतं. तिन्हीसांज झाली की त्याचा कलकलाट सुरू होतो. त्याचाच एक दुर्मिळ भाऊबंद मात्र तब्बल ११३ वर्षं बेपत्ता होता. त्याचं नाव रानपिंगळा.

१८७२ मध्ये ब्ल्युइट यांना तो आजच्या छत्तीसगडात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्ल्युइट यांचं नाव दिलं. नंतर खानदेशात सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने जमवले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. पुढे नोंद उरली ती एकच : १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला हा पक्षी मिळाल्याची. नोंद करणारे कर्नल माइनर्ट्झहॅगन मोठे नावाजलेले. मग शंका कोण घेणार?

शंका घेतली पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक महिलेनं. संग्रहालयातले जुने नमुने त्यांनी बारकाईनं तपासले आणि बिंग फुटलं. कर्नलसाहेबांचा पक्षी डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांतला होता! तो चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. ही नोंद बाद झाल्यावर शोध खऱ्या जागांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. जाड चोच, जवळजवळ बिनठिपक्यांचा माथा, शेपटीवर रुंद पट्टे. हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही आढळला.

मला या इतिहासात चोरीपेक्षा चिठ्ठी महत्त्वाची वाटते. पक्षी कुठं राहतो हेच चुकीचं लिहिलं, तर राखायचं रान कोणतं हे कसं कळणार? सातपुड्यातलं सागाचं जंगल शेतीसाठी आणि लाकडासाठी तुटत असताना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पक्षी नाहीसा झाला असं मानलं, की त्याच्या रानाचा वालीही उरत नाही.

राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरांत दुर्बीण घेऊन फिरणारी तरुण मंडळी आता पुष्कळ दिसतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : जे दिसलं तेच लिहा, जागा आणि तारीख नीट नोंदवा. डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदी शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडल्या. तुमच्याही पडतील.