नकाशातलं हृदय आणि आपलं हृदय

आजचा भागही जयपूरहूनच, पण विषय किल्ल्याचा किंवा लढाईचा नाही. विषय आहे हृदयाच्या नकाशाचा. फौजेत माझी सगळी नोकरी नकाशे वाचण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर एका नकाशानं मला जवळजवळ चकवलंच. म्हणून हा इतिहास वाचायला घेतला.

तीन वर्षांपूर्वी नाहरगडचा चढ चढताना छाती भरून यायला लागली. इथंच जयपुरात स्ट्रेस स्कॅन झालं. या तपासणीत किरणोत्सारी औषधाची अगदी थोडी मात्रा शिरेतून देतात. हृदयाच्या स्नायूत जिथं रक्त नीट पोहोचतं तिथं औषध पोहोचतं, जिथं कमी पोहोचतं तो भाग चित्रात फिका दिसतो. माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं : खालची भिंत फिकी, उजव्या धमनीचा प्रदेश.

मग अँजिओग्राफी झाली. उजवी धमनी एकदम स्वच्छ! डावीकडे मात्र दोन ठिकाणी मध्यम अडथळे : एक पुढच्या उतरत्या धमनीत, दुसरा हृदयाला वळसा घालून मागं जाणाऱ्या सर्कमफ्लेक्समध्ये. पहिलं मत असं पडलं की स्कॅनमधली सावली खोटी असावी. पुरुषांमध्ये छातीखालच्या पडद्यामुळं खालच्या भिंतीवर अशी सावली पडते, हे खरंच आहे. तेव्हा स्कॅन बाजूला ठेवून पुढच्या धमनीत स्टेंट घालावा, असं ठरत होतं.

आता थोडं मागं जाऊ. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. त्याबद्दल १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला मेसन सोन्स हृदयाची तपासणी करत असताना एक्स-रेत दिसणारं औषध चुकून थेट उजव्या कोरोनरी धमनीत गेलं. रुग्णाचं हृदय थांबलं. सोन्सनं त्याला खोकायला लावलं आणि हृदय पुन्हा सुरू झालं. त्या अपघातातून जिवंत माणसाच्या कोरोनरी धमन्या एकेक करून पाहायची वाट सापडली.

धमन्या दिसल्या, पण त्या पाणी पाजतात ती शेतं कशी दिसणार? ते काम गॅमा कॅमेऱ्यानं केलं. १९७०च्या दशकात थॅलियम-२०१ हाताशी आलं आणि स्नायूतला रक्तपुरवठा चित्रात उतरला. आपल्याकडं किरणोत्सारी औषधांच्या या शाखेची पायाभरणी आधीच झाली होती. १९६३ साली मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं.

पुढं अडचण आली ती भाषेची. प्रत्येक तपासणीची हृदयाचे भाग पाडण्याची रीत वेगळी. २००२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सगळ्यांसाठी एकच नकाशा सुचवला : डाव्या कप्प्याचे १७ तुकडे. वरच्या रांगेत ६, मधल्या रांगेत ६, खाली ४ आणि टोकाचा १. त्यातले ७ पुढच्या उतरत्या धमनीचे, ५ उजवीचे, ५ सर्कमफ्लेक्सचे. हा नकाशा करणाऱ्यांनी तेव्हाच बजावलं होतं की माणसागणिक यात पुष्कळ फरक असतो. खालच्या भिंतीला रक्त देणारी फांदी दहापैकी आठ-नऊ जणांत उजव्या धमनीतून निघते. उरलेल्या काहींत ती सर्कमफ्लेक्समधून येते.

मी त्या उरलेल्यांतला निघालो. स्टेंट घालण्याआधी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी स्कॅन आणि अँजिओग्राफी शेजारी शेजारी लावली आणि फांदीचा उगम शोधला. मला म्हणाले, "कर्नलसाहेब, तुमच्या खालच्या शेताला पाणी डाव्या कालव्यातून येतं." सावली खरी होती. रिपोर्टात धमनीचं नाव लिहिलं गेलं होतं ते सरासरी माणसाच्या नकाशावरून. स्टेंट सर्कमफ्लेक्समध्ये बसला, पुढच्या अडथळ्यावर गोळ्या चालू राहिल्या. नाहरगडचा चढ मी आता न थांबता चढतो.

गडावरून खाली जयपूर दिसतं, तेव्हा मला इथला जंतरमंतर आठवतो. सवाई जयसिंगांनी पॅरिसच्या ला हीर याची ग्रहकोष्टकं मागवली आणि आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली, म्हणजे चंद्राच्याच रुंदीएवढी. कोष्टक नामांकित आहे म्हणून त्यांनी ते तसंच स्वीकारलं नाही.

फौजेत आम्हाला हेच शिकवलं होतं : नकाशा आणि जमीन जुळत नसतील तर जमीन खरी. आता सीटी स्कॅनमध्ये ज्याच्या त्याच्या धमन्या आणि त्यांचे स्नायू एकत्र पाहता येतात. तरी कागदावर १७ तुकड्यांचाच नकाशा असतो, आणि तो उपयोगीही आहे. फक्त तुमच्या घरात कुणाची स्कॅन आणि अँजिओग्राफी जुळत नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढंच विचारा : "खालच्या भिंतीची फांदी यांच्यात कुठून येते?"

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.